काठावरची मोजणी

"भाभी, पासपोर्ट चार हैं और बुकिंग तीन. चौथा किसका रह गया?"

बोईसर स्टेशनच्या रस्त्यावरचा झेरॉक्सवाला कमलेश हे विचारत होता तेव्हा दीपिकाचं लक्ष समोरच्या दुकानात टांगलेल्या चाकांच्या बॅगांकडे होतं. लाल घ्यावी की निळी? लाल पटकन ओळखू येते, पण सासूबाईंना लाल म्हणजे फारच नवरीसारखं वाटेल, असलं काहीतरी तिच्या डोक्यात चाललं होतं, आणि त्याच भरात ती म्हणाली, "नीट बघ रे, दोन कागद चिकटले असतील." कमलेशने बोटाला थुंकी लावून कागद पुन्हा सुटे केले. विपुल, म्हणजे तिचा नवरा, एमआयडीसीतल्या एका कारखान्यात मेंटेनन्सला. रिद्धी, म्हणजे मुलगी, कॉलेजात. आणि सासूबाई, जिल्हा परिषदेच्या शाळेत उभी हयात भूगोल शिकवून निवृत्त झालेल्या. तिघांची नावं ठळक अक्षरांत, खाली प्राग, व्हिएन्ना, बुडापेस्ट, तिन्ही शहरांतली हॉटेलं, सकाळचा नाश्ता, एका शहरातून दुसऱ्यात नेणाऱ्या रेल्वेची तिकिटं. चौथा पासपोर्ट कमलेशने उघडून काचेवर ठेवला. त्यातली बाई कान मोकळे ठेवून, ओठ मिटून, पोलिसांनी धरून आणल्यासारखी बघत होती. "ये तो आप ही हो," कमलेश म्हणाला, आणि त्याला काय वाटलं कोण जाणे, त्याने टेबलफॅनचं तोंड तिच्याकडे फिरवलं.

भाकरी थापून हातावर घ्यावी आणि तेव्हा कळावं की तवा ठेवलेलाच नाही, तसं दीपिकाचं झालं. ती वाऱ्यात उभी राहिली. फेब्रुवारीत पंख्याची गरज नव्हती, पण बरं वाटलं. दुसऱ्या कुणी हा घोळ घातला असता तर तिला रागवता आलं असतं, आणि राग आला की माणसाला निदान काय करायचं ते कळतं. पण ही सगळी सहल तिने एकटीने रचली होती. गेल्या दिवाळीपासून सकाळचा पहिला चहा तिने युरोपात घेतला होता. मोठ्या कंपनीच्या टूरमध्ये झेंडा धरलेल्या माणसामागे धावायचं, डब्यातली पुरी-भाजी खायची, आणि वर एवढे पैसे मोजायचे, हे त्यांच्या आवाक्यातही नव्हतं आणि तिच्या मनातही नव्हतं. मग तिने हे शोधून काढलं होतं. राहायची खोली नि गाडीचं तिकीट ते देणार, बाकी तुम्ही आणि तुमचं नशीब. ना मार्गदर्शक, ना बस, ना कुणी 'चला चला' करणारं. कुठल्या स्टेशनातून बाहेर पडलं की डाव्या हाताला ट्राम मिळते, कुठल्या पुलावर सकाळी गर्दी नसते, कुठल्या गल्लीत रस्त्यावर उभं राहून सूप पिता येतं, हे तिला बोईसरच्या भाजी मार्केटाइतकं पाठ झालं होतं. आणि ज्या दिवशी तिने बटण दाबलं त्या दिवशी सगळं इतकं स्वस्तात बसलं की तो आनंद तिने पेढ्यासारखा सोसायटीभर वाटला. "चौघांचं, बरं का, विमानासकट!" आता कळत होतं की स्वस्त का पडलं. भाव चांगला लागला नव्हता, माणूसच एक कमी होतं.

कमलेशने विचारलं, "कॅन्सल करना है क्या?" आणि ती म्हणाली, "नहीं, नहीं, पिन मारून ठेव." घरी जायला उजवीकडे वळायचं होतं. तिचे पाय डावीकडे, टमटमच्या अड्ड्याकडे वळले. विपुलला तिने फोनवर एवढंच कळवलं की मुरब्याला आयकडे जाऊन येते. आय म्हणजे तिची स्वतःची आई, जमना. सासूबाईंना ती आई म्हणायची आणि मुरब्याच्या आईला आय, आणि दोघींशी बोलताना तिची जीभसुद्धा दोन वेगळ्या गावांत राहायची. टमटममध्ये दोन बायकांच्या मधे तिला जागा मिळाली, मांडीवर कुणाचीतरी कोथिंबिरीची पिशवी आली आणि गाडी निघाली. कारखान्यांचा तो उग्र वास, ज्याच्यात ती रोज सकाळी टाइम ऑफिसला जाऊन बसते आणि हजारभर माणसांची हजेरी बघते, तो हळूहळू मागे पडला. स्वतःची हजेरी लावायला ती तिथेही कधीकधी विसरायची आणि विपुल म्हणायचा, तुझा अर्धा पगार तुझ्याच हाताने कापलेला असतो. तेव्हा ते विनोदी वाटायचं. आताही विनोदीच होतं, पण जरा खुपत होतं.

तिने डोळे मिटून ते बटण दाबण्याची दुपार आठवून पाहिली. समोर चौकट होती, प्रवासी किती? आणि तिने मनातल्या मनात, ओठ हलवून मोजलं होतं: विपुल, रिद्धी, आई. तीन. मोजताना तिला ती माणसं दिसली होती. प्रागच्या पुलावरून चाललेली, विपुलच्या पाठीवर काळी सॅक, रिद्धीचे केस वाऱ्यावर, सासूबाईंच्या साडीवर मोठं जाकीट. सासूबाई जरा मागे, गुडघ्यामुळे. आणि आता टमटमच्या हिसक्यांत तिला एकदम कळलं की गेल्या तीन-चार महिन्यांत तिने हे चित्र शेकडो वेळा पाहिलं होतं आणि दर वेळी तिला तिघांच्या पाठीच दिसल्या होत्या. ट्राममध्ये चढणाऱ्या पाठी. सूप पिणाऱ्या पाठी. नदीकडे बघणाऱ्या पाठी. ती स्वतः कुठे होती? चित्र बघत होती. जी बघत होती तिने स्वतःला चित्रात कसं घालायचं? इतकी साधी चूक होती, आणि ती कुठून आली होती हेही तिला कळलं, कारण खिडकीतून खाजणाचा खारा वारा आत आला होता.

मुरब्यात तिच्या घरी माणसं काठावरून मोजायची पद्धत होती. सगळ्या गावात होती की नाही देव जाणे, पण जमनाच्या घरात होती आणि तिला कारण होता नवशा काका. नवशा काका हा दीपिकाच्या बाबांचा चुलतभाऊ, होडीवर खलाशी, झोपेत कुंभकर्णाचा थोरला भाऊ. दीपिकाच्या जन्माआधीची गोष्ट. एका पहाटे होडी निघाली, खाडीचं तोंड ओलांडून लांब गेली, जाळं टाकायची वेळ आली आणि नवशाला हाक मारली तर नवशा नाही. होडीत रडारड झाली. दर्यात पडला, गेला, आता वहिनीला काय सांगायचं! माणसं होडी फिरवून, पाण्यात बघत बघत, देवाला नवस बोलत परत आली, आणि नवशा काका काठावर जाळ्याच्या ढिगाखालून डोळे चोळत उठला नि म्हणाला, "आज लवकर आलाव?" त्या दिवसापासून जमना काठावर उभी राहायला लागली. होडी सुटली की ती दोन्ही हात तोंडाशी धरून ओरडायची, "किती?" आणि होडी चालवणारा तांडेल, म्हणजे दीपिकाचे बाबा, माणसं मोजून ओरडायचे, "पाच!" जमना काठावरून स्वतः बोट नाचवत मोजायची, आणि दोन्ही मोजण्या जुळल्या की म्हणायची, "जावा मंग!" मगच इंजिनाचा जोर वाढायचा. परत येतानाही तेच, किती, पाच, यावा मंग. दीपिका चालायला लागली तशी आयच्या बोटाला धरून काठावर यायची. पाच वर्षांची असताना तिने हट्ट धरला की आज मी विचारणार. तिचा बारीक आवाज होडीपर्यंत पोचला नसणारच, पण बाबांनी उत्तर दिलं, आणि पुढे लग्न होईपर्यंत तिने किती सकाळी ओरडून विचारलं असेल त्याला गणती नाही. मोजणारी बाई होडीत नसते. होडीत नसते म्हणूनच तर तिला मोजता येतं. दीपिकाने त्या दुपारी चौकटीत तीन लिहिले तेव्हा तिने बोईसरच्या फ्लॅटमध्ये बसून, पंचेचाळिशीला आलेली शहाणी बाई असून, होडी मोजली होती.

तिला हसू फुटलं. कोथिंबिरीच्या पिशवीवाली बाई जरा सरकून बसली. मग लगेच तिला ती दुसरी आठवण आली, जी बहुतेक याच धाग्याने वर ओढली गेली असावी. बाबा गेले तेव्हाची. चांगले पिकल्या पानासारखे, झोपेत गेले. माणसं त्यांना घेऊन निघाली, बायका दारात थांबल्या, आणि वळणावर माणसं दिसेनाशी होता होता जमनाच्या तोंडून अगदी हळू निघालं, "किती?" आवाज कुणाला ऐकू गेला नाही. दीपिका शेजारी होती म्हणून तिला गेला. उत्तर द्यायला ज्याने तोंड उघडायचं तोच खांद्यावर होता. त्या वेळी दीपिकाने आयचा हात धरला होता. आता गाडीत तिचे डोळे भरून आले, पण ते भरून येणंसुद्धा आज हलकं होतं, कारण मघाचं हसू अजून गालावर तसंच होतं.

जमना घरामागे बोंबील वाळत घालत होती. बांबूच्या आडव्या काठ्यांवर जोडीजोडीने, एकाच्या जबड्यात दुसऱ्याचा जबडा अडकवून, हजारो बोंबील उन्हात चमकत होते. रिद्धी लहानपणी विचारायची, आजी, हे भांडतायत का? आणि जमना सांगायची, नाय गो, लगीन झालाय त्यांचा. दीपिकाला बघून तिने हात पाटीच्या कडेला पुसले. "कवा निगालीस गो? फोन नाय, काय नाय. तोंड असा का दिसतंय? पोरगी बरी हाय ना?"

"बरी हाय. आय, मी त्या गावाचा बुकिंग केला ना, युरोपचा. तिगांचाच केला."

"कोन तिगं?"

"हे, रिद्धी, नि माजी सासू."

जमनाने एक बोंबील हातात तसाच धरून तिच्याकडे पाहिलं. तिच्या कपाळावर एक आठी आली, मग गेली, मग खांदे हलायला लागले. ती हसत हसत काठीला टेकली, तेव्हा सगळी रांगच हलली आणि उन्हात लटकलेली सगळी लग्नं एकदम डुलली. "आगो बाय माजे! काठावर उबी रायलीस! येवडी शिकली, येवडी कंपनीत बसते, नि काठावर उबी रायली! तुजा बाप अस्ता तर दोन दिवस हासला अस्ता." दीपिकाला वाटलं होतं की आयला सांगताना आपण रडू. तिने एवढ्या लांब त्याच तयारीने प्रवास केला होता. पण जमनाचं हसणं इतकं सगळं दिसत होतं, मागच्या दाढा गेलेल्या तोंडासकट, की तीही खाली वाळूवर बसली आणि पोट धरून हसली. शेजारची चिमी कुंपणावरून डोकावली आणि काय झालं ते न विचारताच हसायला लागली.

हसणं ओसरल्यावर जमना तिच्याजवळ येऊन बसली. मासळीच्या खारट हाताने तिने लेकीच्या पायावरची वाळू झाडली. "मंग आता?" दीपिका म्हणाली, आता काय, ते तिघं जातील, मी राहीन. पुढच्या वेळी. आणि 'पुढच्या वेळी' म्हणताना तिला तिचाच आवाज खोटा वाटला. पुढची वेळ म्हणजे रिद्धीचं शिक्षण, मग लग्न, मग सासूबाईंचे गुडघे. पुढच्या वेळेत तिची जागा पुन्हा काठावर होती. जमनाने हे सगळं ऐकलं नाही, कारण दीपिका ते बोललीच नव्हती, पण तिने सरळ विचारलं, "तुला जायाचा हाय का नाय? ते बोल."

"हाय."

हा शब्द तिच्या तोंडून इतक्या लगेच पडला की तिने इकडेतिकडे बघितलं. किती दिवसांत तिने 'मला पाहिजे' असं काही म्हटलं नव्हतं. भाजी कुठली करू, कपडे कुठले घेऊ, सहलीला कुठे जाऊ, सगळ्याला तिच्याकडे उत्तर असायचं आणि ते उत्तर नेहमी दुसऱ्या कुणाच्या आवडीचं असायचं, आणि यात तिला कधी दुःखही वाटलं नव्हतं. दुःख आताही नव्हतं. नुसतं 'हाय' एवढंच होतं, आणि ते छातीत भरतीच्या पाण्यासारखं चढत होतं.

"मी एकदाच बसले होरीत," जमना म्हणाली. "तवा तू पोटात व्हतीस. तुजा बाप बोलला, चल, तुला दाखवतो मी रोज खय जातो ते. दोगंच. सगली गावजेवनाला गेलेली, काठाला कोन नाय. खाडीच्या तोंडाला गेलो नि मना कसातरीच व्हाया लागला. वांती नाय गो, तसा नाय. वाटला, आपल्याला कोनी विचारलाच नाय, किती म्हनून. आपुन गेलो का रायलो, कोनाला ठावं? मंग मीच होरीत उबी रायले नि वराडले, किती? तुजा बाप मागं बसलेला, तो वराडला, अडीच!"

"अडीच?"

"तू पोटात ना! अडीच बोलला नि असा हासला, होरी आडवी केली त्यानी." जमनाने पदराने डोळे पुसले, हसून आले होते की कसे ते तिलाही माहीत नसावं. "तू जा. तिगं तर तिगं, तू तुजी जा. काठाला मी हाय ना. मी विचारीन."

परत येताना दीपिका टमटममध्ये खिडकीशी बसली. अडीचमधली अर्धी आपण होतो, म्हणजे आपली मोजणी झालेली आहे, हा विचार तिला पुन्हा पुन्हा गुदगुल्या करत होता. पंचेचाळीस वर्षांपूर्वी, खाडीच्या तोंडाशी, बाबांच्या तोंडून. पुढच्या मोजणीत मात्र ती राहून गेली होती. बाबांनी कधी मुद्दाम वगळलं नाही, विपुलने नाही, कुणीच नाही. तिनेच काठ धरून ठेवला होता, कारण काठावरून सगळी दिसतात आणि सगळी दिसली की जीव थंड राहतो. पण काठावर उभं राहणाऱ्याला पाणी कसं असतं ते कळत नाही. तिला आता ट्राम हवी होती. तिला ते सूप हवं होतं, तोंड पोळेपर्यंत गरम. तिला एक खोली हवी होती, जिच्यात सकाळी उठल्यावर कुणाला काय हवं हे कुणी विचारणार नाही आणि ती स्वतःही नाही. या शेवटच्या इच्छेची तिला इतकी लाज वाटली की तिने ओढणी डोक्यावर घेतली, आणि ओढणीच्या आत ती खुदकन हसली.

घरी पोचेपर्यंत बातमी तिच्याआधी पोचली होती. कमलेशने तिघांचे गठ्ठे घरपोच दिले होते आणि वर विचारलंही होतं की भाभी बऱ्या आहेत ना. विपुल फोन कानाला लावून येरझाऱ्या घालत होता आणि कंपनीतली मुलगी त्याला मंजुळ आवाजात सांगत होती की सर, त्या तारखांना त्या तिन्ही हॉटेलांत जागा नाही, विमानही भरलंय, आणि नाव बदलता येत नाही. "मग सगळंच रद्द करा," तो म्हणाला. "तुझ्याशिवाय कसलं युरोप? तिकडे गेल्यावर मला मोज्यांची जोडी तरी सापडेल का?" दीपिकाला माहीत होतं की हे प्रेमाने म्हटलेलं आहे आणि मोजेही खरेच आहेत. सासूबाई म्हणाल्या, "काही रद्द करू नका. मी राहते. माझे गुडघे तरी कुठे धड आहेत?" पण हे म्हणताना त्यांनी नकाशाचं पुस्तक छातीशी घट्ट धरलं होतं. तीस वर्षं त्या बाईने पोरांना डॅन्यूब नदी कुठल्या कुठल्या शहरांतून जाते ते छडीने फळ्यावर दाखवलं होतं आणि स्वतः वैतरणेपलीकडची नदी क्वचितच पाहिली होती. त्यांनी राहावं असं दीपिकाला स्वप्नातही वाटलं नसतं.

रिद्धी इतका वेळ लॅपटॉपमध्ये डोकं खुपसून होती. "आई, हे बघ ना. तीच कंपनी, तीच शहरं, एका माणसासाठी. पण उलटं आहे. आधी बुडापेस्ट, मग व्हिएन्ना, मग प्राग. आमच्यानंतर दोन दिवसांनी निघायचं. एकच जागा दाखवतंय, आजच्यापुरता भाव आहे." ती थांबली. "व्हिएन्नाला आपण एक दिवस एकत्र असू. एकच."

"एकटी?" विपुल म्हणाला. "परक्या मुलखात?"

सासूबाईंनी नकाशाचं पुस्तक टेबलावर पसरलं, चष्मा लावला आणि बोट ठेवलं. "आम्ही प्रागहून व्हिएन्नाला, मग असे डॅन्यूबच्या ओघाने खाली जाऊ, आणि दीपिका ओघाच्या उलट, अशी वर येईल. व्हिएन्नाला भेट." मग चष्म्यावरून सुनेकडे बघत म्हणाल्या, "तुम्हा खाडीवरच्या लोकांना उलट्या पाण्यात होडी आणायला कुणी शिकवावं लागतं का?"

दीपिका खुर्चीत बसली. समोर चौकट होती, प्रवासी किती? तिने चित्र डोळ्यांपुढे आणायचा प्रयत्न केला, सवयीने, आणि पहिल्यांदा ते चित्र आलं तेव्हा त्यात पाठी नव्हत्या. त्यात कुणीच माणसं नव्हती. एक काच होती, काचेवर पावसाचे थेंब, काचेपलीकडे पिवळी ट्राम, तिचा दिवा, भिजलेले दगड, एक म्हातारा छत्री उघडत असलेला. या चित्रातही ती नव्हतीच, पण या वेळी ती काचेच्या आत बसलेली होती आणि आतून बघत होती. तिला थंडी वाजली, खरोखरची, हातांवर काटा आला. भीतीही वाटली. तिथे रात्री काही दुखलं-खुपलं तर? रस्ता चुकला तर? मोबाइलची बॅटरी संपली तर? आणि या सगळ्या भीतीच्या पोटात तोच मघाचा आनंद मुलासारखा पाय झाडत होता. तिने विपुलकडे बघितलं. "तुझे मोजे मी निळ्या बॅगेच्या बाहेरच्या कप्प्यात ठेवीन," ती म्हणाली, आणि चौकटीत आकडा लिहिला. रिद्धीने टाळी वाजवली. विपुल म्हणाला, "व्हिएन्नाला मला ओळख दाखवशील ना?" त्याच्या आवाजात रुसवा होता, काळजी होती आणि जरासं कौतुकही होतं, आणि तिला तो त्या क्षणी फार आवडला.

मे महिन्यात तिघं निघाले तेव्हा दीपिका सोसायटीच्या फाटकात उभी राहून दोन्ही हात तोंडाशी धरून ओरडली, "किती?" आणि विपुल, जावई असल्यामुळे ही पद्धत माहीत असलेला पण वॉचमनपुढे लाजणारा, गाडीच्या खिडकीतून म्हणाला, "तीन, तीन! हळू!" मग ती वर आली. घर रिकामं होतं. तिने गॅसवर एकाच कपाचा चहा टाकला, आणि आधण इतकं कमी दिसलं की पातेलं बदलावं लागलं. दोन दिवस ती घरभर हिंडली, गाणी म्हणत, मधेच घाबरत, पासपोर्ट जागेवर आहे ना बघत. रिद्धीचे फोटो आले: पूल, सूप, सासूबाई एका दगडी सिंहाशेजारी उभ्या, सिंहापेक्षा खूश. तिचं मन भरून येत होतं, पण ती त्या फोटोंकडे बघता बघता आपलं सूप वेगळं असणार असं स्वतःला बजावत होती.

तिच्या निघण्याच्या दुपारी जमना मुरब्याहून आली, भाऊ सुजीतच्या मोटारसायकलवर मागे बसून, हातात घट्ट गुंडाळलेलं पुडकं घेऊन. सुजीत आता बाबांच्या जागी तांडेल होता. पुडक्यात सुके बोंबील होते. "आय, विमानात सगले उठून जातील," दीपिका म्हणाली. "जाऊ दे, तुला ऐसपैस बसाया मिलेल," जमना म्हणाली, पण मग मुकाट्याने पदराखालून दुसरी डबी काढली, तिच्यात लसणाची चटणी होती, म्हणजे नकार येणार हे तिला आधीच माहीत होतं. लाल बॅग भाड्याच्या गाडीच्या डिकीत गेली. शेवटी स्वतःसाठी लालच घेतली होती. शेजारणी खाली आल्या, वॉचमन आला, इस्त्रीवाला आला. कुणी म्हणालं, एकटीच? कमाल आहे बाई. दीपिका मागच्या सीटवर बसली, मांडीवर पर्स, पर्सवर दोन्ही हात. गाडी सुरू झाली आणि फाटकाकडे वळायला लागली, आणि तिला एकदम वाटलं की आपण काहीतरी विसरलो आहोत. गॅस? किल्ली? चष्मा? उतरावं. अजून उतरता येईल.

"किती गोऽऽ?"

जमना फाटकाच्या खांबाशी उभी होती, दोन्ही हात तोंडाशी, खारा, फाटका, सगळ्या वाऱ्यावरून पलीकडे जाणारा तो आवाज. सोसायटीच्या चार मजल्यांच्या खिडक्या उघडल्या. ड्रायव्हरने ब्रेक लावला. दीपिकाने काच खाली केली, अर्धी बाहेर वाकली, आणि मुरब्याच्या सगळ्या पहाटा घशात जमा करून ओरडली, "एऽऽक!"

जमनाने बोट वर करून तिच्यावर रोखलं, मोजलं, पुन्हा एकदा मोजलं. "आखी?"

"आखी!"

"जा मंग!"

ड्रायव्हरने आरशातून विचारलं, "निघू ना, मॅडम?" दीपिकाने मागे वळून न बघता पुढची काच बघितली, आणि म्हणाली, "निघ."